आईचे तोंड आले आहे म्हणून

पर्वरी

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

तुम्हांला न विचारता मी एक गोष्ट ठरवली आहे, तिचा राग मानू नये. आईच्या उरलेल्या दोन केमो होईपर्यंत डिचोलीचे घर बंद करून तुम्ही दोघांनी माझ्याकडे राहायचे आहे. येथून बांबोळीचे हॉस्पिटल जवळ पडते हे तर आहेच, पण मन ठरले ते रविवारी, केमोच्या आठव्या दिवशी, आईने पेजेचा चमचा ओठाला लावला, डोळे घट्ट मिटून तो वाटीत परत ठेवला आणि ‘पोट भरलं’ म्हणाली तेव्हा. त्याआधी चार दिवस ‘बरी जेवते’ एवढे फोनवर ऐकून मी निश्चिंत राहिले, याचे मला फार वाईट वाटते.

बाबा, यात तुमची काहीच चूक नाही. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर हे औषध घाव घालते आणि तोंडाचे आतले अस्तरही तशाच पेशींचे असल्यामुळे साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसापर्यंत तोंड येते. पुढे बहुधा दोन-तीन आठवड्यांत ते भरून येते. फक्त तुम्ही काळजीने आणलेला तो झोंबणारा माउथवॉश आता बंद करावा, कारण त्यातल्या अल्कोहोलने तोंड आणखी कोरडे पडते. त्याऐवजी कपभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि त्याच्या निम्मे मीठ घालून दर तीन-चार तासांनी चुळा भरायच्या, गिळायचे नाही, आणि नंतर साध्या पाण्याने तोंड धुवायचे. तोंड कमी यावे म्हणून पुढच्या वेळी औषध शिरेतून देताना अर्धा तास तोंडात बर्फ धरायला डॉक्टरांनी होकार दिला आहे. ऑक्सालिप्लॅटिनसारख्या केमोच्या औषधाबरोबर थंड चालत नाही, म्हणून मी आधी विचारून घेतले.

आई, तिरफळांचे हुमण, सोलकढी आणि लोणचे तूर्त तुझ्या ताटात नाही. नाचणीचे सत्त्व गार करून देईन, मऊ भात कालवून देईन. लहानपणी माझे तोंड आले की तू पेज बशीत ओतून, फुंकर घालून, आधी स्वतःच्या ओठाला लावून मग मला द्यायचीस. ती निळ्या काठाची बशी फडताळात असेल, ती आण. मऊ ब्रश मी आणला आहे. कवळी जेवणापुरतीच लावायची, हट्ट करायचा नाही.

तुळशीपुढे दिवा शेजारच्या वहिनी लावतील. बाबांचा ‘गोमन्तक’ येथेही सकाळी दारात पडतो.

तोवर 100.4 अंश किंवा अधिक ताप आला, तोंडात पांढरे चट्टे दिसले किंवा पाणीही गिळवेना, तर रात्र असली तरी लगेच हॉस्पिटलला फोन करावा आणि मलाही. माझी झोप मोडेल म्हणून थांबू नये. शनिवारी सकाळी गाडी घेऊन येते.

तुमची,
बाय