‘सुजाता’मधील एकटी सुजाता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील जुन्या सामाजिक चित्रपटांवरील लेखात बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’ला (१९५९) दलितांना पडद्यावर सन्मानाचे स्थान देणारा चित्रपट म्हटले आहे. हे खोटे नाही. पण अपुरे आहे.

पटकीच्या साथीत आईवडील गेलेली अस्पृश्य मुलगी उच्चवर्णीय अभियंत्याच्या घरी वाढते आणि पाहुण्यांपुढे तिची ओळख ‘मुलगी’ अशी नव्हे, तर ‘मुलीसारखी’ अशी करून दिली जाते. चित्रपटाचे खरे सामर्थ्य त्या ‘सारखी’त आहे. एरवी वात्सल्यमूर्ती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सुलोचनाबाई येथे अभियंत्याची पत्नी चारू हिच्या भूमिकेत त्या पोरीला जीव लावतात आणि तरीही हातभर अंतर राखतात. ललिता पवारांची कर्मठ म्हातारी ओळखायला सोपी आहे. चारू मात्र आपल्याच घरातली वाटते, म्हणून अधिक बोचते. (नूतन, सुलोचना, ललिता पवार आणि आमच्या सोलापूरच्या शशिकला अशा चार मराठी अभिनेत्री या बंगाली कथेत एकत्र आल्या, याची नोंद लेखात असायला हवी होती.)

तरीही प्रश्न उरतो. सुजाताचा समाज सुरुवातीलाच साथीत नाहीसा होतो आणि पुढे तिच्याशी बरोबरीने बोलणारे तिच्या जातीचे कोणीही कथेत उरत नाही. अभियंत्याची सख्खी मुलगी रमा कॉलेजात जाते. सुजाता घरकाम आणि बाग सांभाळते. तिचा कैवार घ्यायचा तो तिच्यावर प्रेम करणाऱ्या सवर्ण अधीरने, आणि ती जीव द्यायला निघते तेव्हा तिला सावरतात ती गांधीजींची वचने. शेवटी चारूला सुजाताचेच रक्त चालते, म्हणून सुजाता खऱ्या अर्थाने मुलगी ठरते. अस्पृश्यांच्या अंगातून विषारी वायू निघतो म्हणणाऱ्या पंडिताला हे चोख उत्तर आहे, यात शंका नाही. परंतु माणूस म्हणून स्वीकारले जाण्यासाठी रमाला रक्त द्यावे लागत नाही, सुजाताला द्यावे लागते.

‘त्या काळी एवढेच शक्य होते’ हा युक्तिवाद मला पटत नाही. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा १९५५ साली झाला होता, नागपूरची धम्मदीक्षा १९५६ची, आणि ज्या मुंबईत बिमलदा चित्रपट काढत होते, त्याच मुंबईत १९५८ साली अण्णाभाऊ साठे यांनी पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन केले होते. कथा बंगालची आहे, तेथे बाबासाहेबांचा काय संबंध, असेही कोणी म्हणेल. पण १९४६ साली बंगालचे दलित नेते जोगेंद्रनाथ मंडल यांच्या पाठबळावर बाबासाहेब संविधान सभेवर निवडून गेले, ते बंगालमधूनच. नामशूद्र या तेथील अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीची चळवळ त्याही आधीपासून जोरात होती. म्हणजे दलितांचा आवाज मुंबईतही होता आणि बंगालमध्येही होता. पटकथेत तेवढा नव्हता.

नूतनच्या अभिनयाला यामुळे उणेपणा येत नाही. तिचे अवघडलेले मौन आजही पाहावेसे वाटते. मात्र लेखमालेच्या पुढील भागांत प्रत्येक चित्रपटाबाबत, दलित पात्राच्या भोवती कोण आहे आणि त्याच्या वतीने कोण बोलते, हेही लेखकाने तपासावे, एवढी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, सोलापूर