पाड्यावरच्या रस्त्याला कोणते यंत्र?

संपादक महोदय,

पावसाळा सरला की पालघर, ठाणे, रायगडमध्ये पाड्यांना जोडणाऱ्या रस्त्यांची कामे निघतात. निविदेतली यंत्रांची यादी मात्र बऱ्याचदा मुंबईतल्या हमरस्त्याला शोभेल अशी असते: माती सपाट करणारा ग्रेडर, माल ओतणारा टिपर ट्रक, तो भरणारा लोडर. वर्षाकाठी दोन किलोमीटरचे काम मिळणारा स्थानिक कंत्राटदार हे सगळे भाड्याने आणतो. ग्रेडर बिघडला, सुटा भाग मिळेना, की हजेरीवरची माणसेही बसून राहतात.

रोजगार द्यायचा म्हणून सगळेच फावड्या-घमेल्यावर काढणेही तितकेच चूक. दबाई, म्हणजे थर दाबून घट्ट करणे, हे हाताचे काम नाही. धुम्मस (हाताने आपटायचा जड ठोकळा) कितीही जोरात मारली तरी दहा सेंटिमीटरहून जाड थर खालपर्यंत बसत नाही. वरून कडक लागतो आणि पावसात चाकोऱ्या पडतात. मुरमाचा २० सेंटिमीटर सैल थर आठ-दहा टनी रोलरखाली साधारण १५ सेंटिमीटर होतो. तिथे रोलर हवाच, आणि त्याच्याबरोबर पाण्याचा टँकर.

टँकरचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. ३.७५ मीटर रुंद, एक किलोमीटर लांब आणि दबून १५ सेंटिमीटर जाड थराला हजार टनांहून अधिक मुरूम लागतो. त्याचा ओलावा पाच टक्क्यांनी वाढवायचा तर ५० हजार लिटरच्या वर पाणी, म्हणजे पाच हजारी टँकरच्या दहा-अकरा खेपा. कोरड्या मुरमावर रोलर दिवसभर फिरवला तरी डिझेल जळते, घनता येत नाही. जागेवरची परीक्षा सोपी आहे. मुरूम मुठीत दाबावा. गोळा टिकला आणि बोटाने दाबल्यावर दोन तुकडे झाले, तर ओलावा बरोबर. भुगा झाला तर पाणी कमी, तळवा ओला झाला तर जास्त.

वाहतुकीचे साधन अंतरावर ठरवावे. पन्नास मीटरपर्यंत घमेले चालते, त्यापुढे दीडशे-दोनशे मीटरपर्यंत हवेच्या टायरची एकचाकी हातगाडी. पाच-सहा किलोमीटरपर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉली. एका ट्रॅक्टरला दोन-तीन ट्रॉल्या दिल्या की एक भरली जात असताना दुसरी रिकामी होते, आणि ट्रॅक्टर थांबत नाही. टिपरचा हौदा इतका उंच असतो की माणसांनी भरायचा तर अर्धे श्रम उचलण्यातच जातात. टिपर घेतला की लोडर आलाच, आणि मजुरांचे काम तिथेच संपले.

खोदाई, मुरूम पसरणे, बाजूची गटारे, दगडी पिचिंग (उतारावर दगड बसवणे) ही कामे माणसे उत्तम करतात. कोकणच्या पावसात मुरमाच्या रस्त्याला चार टक्के उतार हवा, म्हणजे ३.७५ मीटर रुंदीत मध्य कडेपेक्षा साडेसात सेंटिमीटर उंच. दोरी, ओळंबा आणि उताराच्या मापाची लाकडी फळी असली की ग्रेडरवाचून तो मिळतो.

जागतिक बँकेने १९७१ पासून भारत आणि इंडोनेशियात याच प्रश्नाचा अभ्यास केला. हातकाम महाग पडण्यामागे निकृष्ट अवजारे आणि ढिसाळ आखणी मोठ्या प्रमाणात असल्याचे त्यात दिसले. बोथट टिकाव आणि घट्ट चाकाची गाडी देऊन मजूर मंद आहेत म्हणणे अन्यायाचे आहे.

मुंबईच्या गल्लीतला चरही याच नियमाने भरावा. केबल आणि जलवाहिन्यांजवळ हातानेच खोदावे. भराव मात्र १५ सेंटिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थरावर प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरत्या पत्र्याने माती दाबणारे छोटे यंत्र) फिरवून. मीटरभर माती एकदम लोटून वरून रोलर फिरवला तर तो चर जूनमध्ये खचणारच.

म्हणून निविदेत यंत्रांची लांबलचक यादी नको. थराची जाडी, घनता आणि उतार लिहावा, रोलर व टँकर सक्तीचे करावेत, बाकी कामाची पद्धत अंतर आणि जागा पाहून ठरू द्यावी. अवजारे आणि त्यांच्या धारेचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवावा.

– एक स्थापत्य अभियंता, मुलुंड, मुंबई