कडेवरचं शिंग

प्रिय मित्रा,

पत्र आणि फोटो मिळाले. जुन्या बाजारातल्या ढिगातून थेट नेपोलियनच उचलून आणलास की! ‘१८१० सालचं अस्सल पदक’ असं विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं, आणि तू मला विचारतोस, खरं का?

पदक अस्सल आहे. १८१०चं मात्र नाही.

जोडमुखं कोणाची ते तू बरोबर ओळखलंस: नेपोलियन आणि त्याची दुसरी बायको, ऑस्ट्रियाची मारी लुईझ. मागच्या बाजूला तीच दोघं रोमन वेशात वेदीपाशी हात हातात घेऊन उभी आहेत. लग्न झालं एप्रिल १८१०मध्ये, आणि खाली रोमन आकड्यांत तेच साल आहे. गळ्याखालचं जे नाव तुला ‘अँड्रू’ वाटलं, ते आंद्रियू. ठसा कोरणारा कारागीर. दुसरं नाव दनों. नेपोलियनच्या पदकांवर त्याची देखरेख असे, आणि आज ज्याला लूव्र म्हणतात त्या संग्रहालयाचाही तोच संचालक होता.

इथवर सगळं जुळतं. पण पदकावरचं साल प्रसंगाचं असतं, पदक कधी पाडलं त्याचं असेलच असं नाही. पॅरिसच्या टांकसाळीने जुने ठसे जपून ठेवले आणि मागणी असेल तशी त्यांवरून पुन्हा पुन्हा पदकं पाडली. म्हणून आधी कड बघायची. तू एक फोटो तिरका काढलास ते फार बरं केलंस, नाहीतर मीही फसलो असतो. भिंगातून बघ: ‘ब्राँझ’ या अर्थाच्या अक्षरांशेजारी फळाफुलांनी भरलेलं एक शिंग आहे. टांकसाळीने ही खूण १८८०पासून धरली. त्याआधी १८६० ते १८७९ मधमाशी होती, १८४५ ते १८६० बोट दाखवणारा हात, त्याच्याही आधी गलबताचा पुढचा, नाळेकडचा भाग, जहाजाचा नांगर, आणि १८३२पासून दिवा. १८१०च्या पदकाची कड कोरीच असायला हवी. (मधमाशी हे खुद्द नेपोलियनचं राजचिन्ह. त्याचा पुतण्या गादीवरून गेला, प्रजासत्ताक आलं, तरी ती बिचारी कडेवर काही वर्षं तशीच बसून होती. तुझ्या पदकावर ती असती तर मी जास्त खूश झालो असतो.)

आता कोणी ‘मग हे नकलीच’ म्हणालं तर ऐकू नकोस. ठसा त्या काळचा असो वा त्यावरून नव्याने केलेला, पाडणारी टांकसाळ तीच. नकली म्हणजे खऱ्या पदकाचा साचा घेऊन ओतलेलं. ते ओळखता येतं: धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे ओतीव पदक मुळापेक्षा किंचित लहान भरतं, सपाट भागावर बारीक छिद्रं दिसतात, कडेवर कानशीचे ओरखडे असतात, केसांच्या रेषा बोथट होतात. तुझ्या फोटोत मारी लुईझच्या केसांची बट न् बट सुटी दिसते आहे.

शंका उरली तर वजन कर. आधी कोरडं, मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळतं ठेवून. कोरड्या वजनाला दोन्ही वजनांतल्या फरकाने भागलं की घनता निघते. ब्राँझची ८.८च्या आसपास यायला हवी. सातच्या जवळ आली तर वरून रंग दिलेलं जस्त किंवा कथील समज, अकराच्या पुढे गेली तर शिसं.

आणि कृपा करून ते घासू नकोस! तुझा हात पितांबरीकडे वळतो हे मला ठाऊक आहे. तो चॉकलेटी रंग म्हणजे मळ नव्हे, टांकसाळीतच मुद्दाम चढवलेला असतो. एकदा गेला की परत येत नाही. फार तर मऊ कोरड्या कापडाने धूळ टिप आणि पीव्हीसीच्या पिशवीत ठेवू नकोस; त्यातून ब्राँझवर हिरवा चिकट थर धरतो.

व्यास आणि वजन कळव, आणि कडेचा आणखी एक फोटो पाठव, पूर्ण फिरवून. शिंगाच्या पुढे कुठे साल ठोकलेलं असेल तर पदक बरंच अलीकडचं निघेल, तेही आत्ताच सांगून ठेवतो.

तुझा,
जुना मित्र