सातबाऱ्यावर पोटखराब, पण सड्यावर काय काय आहे ते बघा

संपादक महोदय,

तुमच्या पेपरात अधूनमधून कातळशिल्पांचे, म्हणजे सड्यावर (जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर) कोरलेल्या जुन्या चित्रांचे, फोटो येतात, बरं वाटतं, आम्ही राजापूर तालुक्यातले म्हणून जरा जास्तच. कशेळीचा तो अठरा मीटरचा हत्ती, बारसूचा दोन वाघांमधला माणूस, आता सगळ्यांना माहीत झालंय. २०२२ मध्ये कोकणातली ९ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत पण गेली, त्यात एक गोव्याचं फणसमाळ.

पण नकाशावर बघाल तर हे सगळं नुसतं टिंब! चित्राभोवती चिऱ्याचा गडगा (बुटकी भिंत) घातला की झालं, बाकीचा सडा म्हणजे पडीक. अहो, युनेस्कोनेच १९९२ पासून माणूस आणि निसर्ग दोघांनी मिळून घडवलेल्या मुलखाला वारशाचा वेगळा दर्जा दिलाय, मग आमचा सडा त्यात का नको?

गेल्या मे महिन्यात चुलत्यांना घेऊन आमच्या सड्यावर फिरलो, मोबाईलचं जीपीएस चालू ठेवून. (देवाचे गोठणेला कातळशिल्पाजवळ होकायंत्राची सुई भरकटते म्हणतात, इथे तसलं काही नव्हतं, चुलतेच मध्येच भरकटायचे.) चुलते सांगत गेले, इथे दुपारची गुरं बसायची ते गोठण, ही बाजारला जायची जुनी पाखाडी, इथे शिमग्यात पालखी टेकते, ह्या खळग्यात पावसाळाभर पाणी राहतं आणि तेच जांभ्यातून झिरपत खाली वाडीतल्या विहिरीला जातं. वहीची चार पानं भरली. सातबाऱ्यावर यातलं काय आहे? पोटखराब, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, एवढंच.

मग भाच्याने ते सगळं क्यूजीआयएस नावाच्या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं, ते फुकट मिळतं, आणि वर गट नंबरचा नकाशा ठेवला. तेव्हा कळलं की शिल्प एका गटात, पाणी मुरतं ते दुसऱ्या तीन गटांत आणि पालखीची वाट तर पाच-सहा गटांतून जाते. उद्या त्यातल्या एका गटात चिरेखाण निघाली तर कागदोपत्री सगळं बरोबर, शिल्पाला धक्का नाही, पण वाट तुटली आणि विहीर आटली की दाद कुणाकडे मागायची?

म्हणून सांगतो, असे नकाशे सरकारने करावेत पण गावाला विचारून, आणि टिंबं नकोत, पूर्ण क्षेत्र दाखवा. अजून एक, हे तज्ज्ञ लोक प्रत्येक गोष्टीला मार्क देऊन बेरीज करतात, त्यात ड्रोनमधून छान दिसणारं शिल्प पुढे जातं आणि पालखीची जागा मागे पडते, कारण वरून बघितलं तर तिथे काहीच नाही, मोकळा कातळ. बेरीज करूच नका, पाणी, देव, गुरं, शिल्पं सगळ्यांचे थर वेगवेगळे ठेवा.

आणि करायचं तर लवकर करा. आमचे चुलते अठ्ठ्याहत्तरचे आहेत आणि त्या जागांची नावं माहीत असलेले वाडीत आता तिघंच उरलेत.

– एक वाचक, ता. राजापूर, जि. रत्नागिरी