लाली का पसरली नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीतल्या अंगावर पित्त उठण्यावरच्या लेखात ‘हा बहुतांशी मनाचाच खेळ’ असे वाक्य होते. माझी धाकटी मुलगी दोन वर्षे हेच ऐकते आहे. कामाचा ताण वाढला की दंडावर, मांड्यांवर गांधी उठतात, रात्रभर खाज. एका डॉक्टरांनी तपासायच्या आधीच सांगितले, ‘तुमच्या डोक्यात आहे सगळे.’ घरी येऊन ती रडली.

मी जिल्ह्यात कुष्ठरोग तंत्रज्ञ होतो. शिकत असताना आम्हाला एक जुनी चाचणी दाखवली होती. हिस्टॅमिनचा, म्हणजे अंगात खाज आणि सूज आणणाऱ्या रसायनाचा, एक थेंब कुष्ठरुग्णाच्या पाठीवरच्या चट्ट्यावर, एक शेजारच्या चांगल्या कातडीवर, आणि दोन्हींतून सुई हलकेच टोचायची. चांगल्या जागी आधी लाल ठिपका, मग भोवती बोटभर पसरणारी लाली, मग मधोमध गांधी. चट्ट्यावर ठिपका आला, गांधीही आली, लाली मात्र पसरली नाही. औषध तेच, माणूस तोच. तिथल्या बारीक नसा तेवढ्या मेलेल्या होत्या. ब्रिटिश डॉक्टर थॉमस लुईस यांनी हे तीन टप्पे १९२७ सालीच मांडले होते. मला मात्र ते त्या दिवशी, त्या माणसाच्या पाठीवर कळले.

म्हणजे नस नुसती खबर मेंदूकडे नेत नाही, तिच्या टोकातून रसायनेही सुटतात. तीच न्यूरोपेप्टाइड्स. त्यातले सबस्टन्स पी १९३१ मध्ये फॉन ऑयलर आणि गॅडम या शास्त्रज्ञांना घोड्याच्या आतड्यात आणि मेंदूत सापडले. ते कातडीतल्या मास्ट पेशींना, म्हणजे हिस्टॅमिन साठवणाऱ्या पेशींना, ते सोडायला लावते, हिस्टॅमिन पुन्हा त्याच नसांना डिवचते, आणि चक्र सुरू राहते. मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींकडून सबस्टन्स पी टीएनएफसारखे दाह वाढवणारे निरोपही काढून घेते. सीजीआरपी हे दुसरे रसायन रक्तवाहिन्या रुंद करते. तेच अडवणारी मायग्रेनची इंजेक्शने २०१८ पासून वापरात आहेत. आणि सगळीच पेप्टाइड्स आग लावणारी नाहीत. व्हॅसोॲक्टिव्ह इंटेस्टिनल पेप्टाइड त्याच मॅक्रोफेजना टीएनएफ आवरायला लावते.

ताणाने पित्त वाढते, हे मी नाकारत नाही. जुनाट पित्तात पुष्कळांच्या शरीरात स्वतःविरुद्धच प्रतिपिंडे तयार झालेली असतात, ताण त्यात भर घालतो. पण ती भर नसा आणि पेशींच्या वाटेनेच पडते. त्याला ‘मनाचा खेळ’ म्हटले की रुग्ण औषध सोडतो, नाहीतर कोणाच्या तरी पुड्या आणतो. माझ्या मुलीने दोन्ही केले.

आपल्या पुरवणीत एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाकडून हे सविस्तर लिहून घ्यावे, ही विनंती. मी परवा मुलीला वहीत नस, मास्ट पेशी आणि रक्तवाहिनी काढून दाखवली. तिने पान फाडून पर्समध्ये ठेवले आहे, पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर ठेवायला.

– एक निवृत्त कुष्ठरोग तंत्रज्ञ, हडपसर, पुणे