रेस अडकली तेव्हा : एका काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

पत्र जाहीर लिहितोय, पण नाव घालत नाही. "नाव छापलंस तर उद्यापासून माझ्या दारात जुन्या गाड्यांची रांग लागेल," असं तुम्हीच बजावलं होतंत. तेव्हा नुसते काका.

फोनवर मी लक्षणं सांगितली. पाय काढला तरी रेस थोडी चढलेलीच राहते, आणि पेडल बुटाच्या टोकाने खालून उचललं की सुटते. दुसरा कुणीही "घेऊन या, बघू" म्हणाला असता. तुम्ही म्हणालात, "गाडी हलवू नकोस. मी येतो." पहिले आभार त्याचे. जुनी स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या माणसाला गाडी उभी ठेव असं सांगणारे फार कमी भेटतात, सगळ्यांना ती चालवूनच बघायची असते.

तुम्ही आलात आणि बॉनेटकडे न बघता आधी पायाखालची मॅट ओढून बाहेर टाकलीत. मॅटचा दोष नव्हता, पण शंभरातल्या कितीतरी गाड्यांत तोच असतो, म्हणून सुरुवात तिथून. मग इंजिन बंद ठेवूनच तुम्ही थ्रॉटलकडचं, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या भागाकडचं, केबलचं टोक सोडवलंत आणि त्यातली बटरफ्लाय, म्हणजे हवेची नळी उघडणारी-मिटवणारी चकती, बोटाने उघडून सोडून दिली. टक्‌कन मिटली. म्हणजे थ्रॉटल बॉडी संशयातून सुटली. मग केबल हाताने ओढून बघितलीत, शेवटी मोकळं पेडल एकटं हलवून बघितलंत. साखळीचे तीन तुकडे करायचे आणि अडकणारा तुकडा शोधायचा, इतकं साधं काम. आधीच्या गॅरेजने हे केलंच नव्हतं. त्यांनी कॅनमधला स्प्रे सगळीकडे मारला आणि एक जादा कडक स्प्रिंग लावून दिली. काही दिवस बरं वाटलं, मग जैसे थे.

ती स्प्रिंग तुम्ही काढून माझ्या हातात दिलीत. "अडकलेल्या वायरला जोरात ओढणारा माणूस आणलाय, दुसरं काही नाही. वायर मात्र आणखी लवकर झिजेल." मूळ स्प्रिंगा तिथे होत्याच, एक नाही, दोन. अमेरिकेच्या सुरक्षा नियमांत 1973 पासूनच अशी अट आहे की पाय काढल्यावर थ्रॉटल मिटवणाऱ्या किमान दोन स्वतंत्र शक्ती हव्यात, आणि त्यातली एक निकामी झाली तरी उरलेलीने ते काम केलं पाहिजे. हलक्या गाडीत साध्या हवामानात हे एका सेकंदाच्या आत व्हावं लागतं. माझ्या गाडीच्या दोन्ही स्प्रिंगा ठणठणीत होत्या. भांडण त्यांच्याशी नव्हतंच.

खरी मजा डॅशबोर्डखाली होती. तुम्ही पाठीवर आडवे झालात, मान स्टीअरिंगच्या दांड्याखाली, हातात दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा आणि दाताखाली टॉर्च. (या वयात हे करू नका असं म्हणायला हवं होतं, पण तुम्ही ऐकलं नसतंत.) इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून केबल जिथे आत येते, तिथे पोलादी तारेचा एकच बारीक पेड तुटून उभा राहिला होता. पेडल ठरावीक जागी आलं की तो पेड आवरणाच्या तोंडाशी अडायचा. म्हणून रेस नेहमी त्याच एका जागी अडकायची, वर नाही, खाली नाही. मी ही गोष्ट फोनवर सहज सांगितली होती, तुम्ही ती धरून ठेवलीत. काजळीने चिकटणारी बटरफ्लाय वेगळी वागते, तिथे पहिला दाब जड जातो आणि मग गाडी एकदम उसळते. आणि वंगण सुकलेलं पेडल सगळीकडेच जड लागतं. नुसत्या लक्षणावरून इतकं ओळखता येतं हे मला माहीत नव्हतं.

नवी केबल घालून कुणीही हात झटकले असते. तुम्ही विचारलंत, पेड तिथेच का तुटला? पत्र्यातल्या भोकात आवरणाचं टोक धरून ठेवणारं रबरी ग्रोमेट कडक होऊन फाटलं होतं. टोक तिरकं झालं होतं आणि तार दर वेळी कडेवर घासत वाकत होती. नवी केबलही तिथेच तुटली असती. इंजिन ज्यांवर बसतं ती माउंटिंगंही तुम्ही हलवून पाहिलीत, कारण माउंटिंग फाटलं तर इंजिन डुलतं आणि केबल आपोआप ओढली जाते. ती नीट निघाली.

बाउडेन नावाच्या संशोधकाच्या नावाने 1896 मध्ये पेटंट झालेली ही केबल, आवरणाच्या आत सरकणारी तार. सायकलच्या ब्रेकपासून आपल्या गाडीपर्यंत तीच युक्ती. हल्लीच्या गाड्यांत पेडलखाली सेन्सर असतो आणि बटरफ्लाय मोटर उघडते. तिथे दोष शोधायला कॉम्प्युटर जोडावा लागतो. मला आपली तारच आवडते.

नवी केबल मी तेल घालून बसवायला निघालो तेव्हा तुम्ही हात धरलात. आतून नायलॉन किंवा टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या केबलला तेल नको, धूळ धरते. ग्रीस फक्त पेडलच्या खिळीला, तेही बोटाच्या टोकावर मावेल इतकंच. बसवताना थोडी ढील ठेवलीत, पेडल सोडल्यावर तार ताणलेली नको म्हणून. मग मला आत बसवून पेडल पूर्ण दाबायला लावलंत आणि स्वतः बघितलंत की बटरफ्लाय पूर्ण उघडते का, आणि पायाचा जोर पेडलखालच्या अडणीवर येतो की केबलवर. बटरफ्लायच्या टेकणीच्या स्क्रूला कुणालाही हात लावू देऊ नकोस, हे दोनदा सांगितलंत. आयडलिंग, म्हणजे पाय काढल्यावरचा इंजिनचा वेग, वाढवायला लोक तोच फिरवतात. तो स्क्रू त्यासाठी नाही. बटरफ्लाय नळीत रुतून बसू नये म्हणून आहे.

काम करता करता तुम्ही जे बोललात, त्याचे आभार सगळ्यात जास्त. चालत्या गाडीत रेस अडकली तर आधी क्लच दाबून गिअर न्यूट्रलला. इंजिन किंचाळेल, किंचाळू दे. ब्रेक एकदाच, घट्ट, आणि दाबूनच ठेवायचा. पंप करायचा नाही, कारण थ्रॉटल उघडा असताना इंजिनकडून बूस्टरला, म्हणजे ब्रेकचं पेडल हलकं करणाऱ्या भागाला, व्हॅक्यूम जेमतेम मिळतो, साठलेला दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. गाडी थांबली की किल्ली फिरवून इंजिन बंद. मधेच बंद करावं लागलं तर किल्ली एकच टप्पा मागे, बाहेर काढायची नाही, नाहीतर स्टीअरिंग लॉक होईल. घरात गाडी चालवणाऱ्या सगळ्यांकडून मी हे उभ्या गाडीत करून घेतलंय. किल्लीचा टप्पा पहिल्यांदा कुणालाच बरोबर जमला नाही.

मजुरीचा विषय काढला तर तुम्ही जुनी केबल मागून घेतलीत आणि शिकणाऱ्या पोरांना दाखवायला लागेल म्हणालात. पेड तुटलेल्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून घ्या, हाताला फार बोचतं.

पेडलच्या वर, क्लचचं तेल दाबणाऱ्या मास्टर सिलिंडरखाली तुम्हाला ओल दिसली होती. तिथे कागद बांधून ठेवला होता, तो ओला झालाय. म्हणजे सील गेलंय. किट मागवलंय. ते आलं की फोन करतो. या वेळी डॅशबोर्डखाली मी आडवा होईन, तुम्ही खुर्चीत बसून फक्त सांगा.

तुमचा कृतज्ञ,
दोन सीटांच्या गाडीवाला