कुणाला किती सांगायचं

प्रिय मनू,

काल फोनवर मी नुसतं 'बरं' म्हणालो, त्याचा तुला राग आला असणार. बोलायला गेलो असतो तर आवाज चढला असता, म्हणून लिहितोय.

फिट्सचं मॅनेजरला सांगून रात्रपाळी नको म्हणालीस, हे योग्यच केलंस. जागरणाचं काय होतं ते आपल्या घरात कुणाला सांगायला नको. बारावीचं वर्ष आठव. पण ती गोष्ट चार दिवसांत तुमच्या ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर कशी पोचली? मॅनेजरने 'काळजीपोटी सांगितलं' म्हणे. काळजीपोटी सांगितलं तरी सांगितलंच ना?

डॉक्टरांचा दाखला एचआरकडे, तुझ्या बाकीच्या फाइलपासून वेगळा, कुलपात राहायला हवा. मॅनेजरला एवढंच पुरे: पाळी दिवसाची आणि तपासणीच्या दिवशी सुट्टी. टीमला तर कारणही कळायची गरज नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयी संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार आहे. त्यातलं कलम २७ कामावर वाजवी सोयी द्या म्हणतं आणि कलम २२ आरोग्याची माहिती खाजगी ठेवा म्हणतं. सोय हवी तर चारचौघांत चर्चा सोसा, असा सौदा त्यात कुठेही नाही.

झालं माझं लेक्चर सुरू. आई मागे उभी राहून वाचतेय. सॉरी.

पण फिट आली तर शेजारी कोण असेल? माझं घोडं इथेच अडतं. कुणाला कळू नये असंही वाटतं आणि सगळ्या मजल्याला कळावं असंही. तुझ्या पहिल्या फिटला आजी चमचा घेऊन धावली होती आणि अप्पांनी तुझे हात दाबून धरले होते. तोंडात काही घालायचं नसतं, दाबून धरायचं नसतं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांवर गेली तर अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची. हे प्रथमोपचाराच्या वर्गात सगळ्यांनाच शिकवता येतं, तुझं नावसुद्धा न घेता. एचआरला तेवढं सुचव. आणि नावानिशी सांगायचं ते एखाद-दोघांनाच, तू निवडशील त्यांना. रेवतीला सांगितलंस का?

मॅनेजरशी भांडू नकोस असं लिहिणार होतो. भांड, पण ईमेलवर. काय सांगितलं होतंस, कशासाठी, आणि यापुढे तुला विचारल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही, एवढं तारखेसकट लिही. धमकी वगैरे नको. माणूस वाईट नसेलही. बऱ्याच जणांना कुणी शिकवलेलंच नसतं.

माझ्या डाव्या कानाचं निवृत्तीपर्यंत ऑफिसात कुणाला कळलं नाही. मीटिंगमध्ये उजवा कान पुढे येईल अशी खुर्ची पकडायला मी सगळ्यांच्या आधी जायचो. साहेबांना वाटे, काय वक्तशीर माणूस! तू पहिल्याच नोकरीत समोर बसून सांगितलंस. हे मी शेजारच्या काकांना सांगणार होतो, आईने अडवलं.

रात्री गोळी घेतेस ना वेळेवर? आणि त्या रेवतीचा नंबर पाठवून ठेव. फोन करणार नाही मी. नुसता असू दे माझ्याकडे.

तुझा,
बाबा